घरच्या बिस्किटांचा हिशेब

(पंजाबातील गृहिणींच्या एका मेळाव्यात गृहविज्ञानाच्या एका निवृत्त अध्यापिकेने दिलेले व्याख्यान)

मला दिलेला विषय वरकरणी अगदी किरकोळ वाटावा असा आहे. घरी केलेली बिस्किटे प्रकृतीला अधिक हितकर कशी करता येतील, एवढाच प्रश्न माझ्यापुढे ठेवण्यात आला आहे. पस्तीसएक वर्षे गृहविज्ञान शिकविण्यात गेली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ असायला हवे होते, आणि पुष्कळ वर्षे ते आहे असे मी समजतही होते. परंतु या एका विषयात मी दोनदा चुकले. एकदा सर्व जगाबरोबर चुकले, आणि एकदा एकटीने, स्वतःच्या घरात. त्या दोन्ही चुका सांगितल्यावाचून मला पाककृती सांगता येणार नाही. तेव्हा आज पाककृतीला थोडा उशीर होईल.

आपल्या पंजाबात घरचे बिस्कीट ही वस्तू ओव्हनच्या फार आधीची आहे. ज्या घरात चुलीखेरीज दुसरे साधन नव्हते त्या घरातही बिस्किटे होत असत, आणि ती ‘घरची’ म्हणूनच ओळखली जात. हिवाळा लागला की माझी आई, तिला आम्ही बीजी म्हणत असू, पितळी डब्यात तूप, कापडी पिशवीत कणीक, दुसऱ्या पिशवीत दळलेली साखर आणि लोट्यात दूध असे सगळे बांधून आम्हा मुलांच्या हाती देई आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या भट्टीवर पाठवी. भट्टीवाला किलोमागे घडणावळ घेऊन आपल्यासमोर पीठ मळून, ठशांतून काढून, पत्र्यांवर मांडून बिस्किटे भाजून देई. आमचे काम एवढेच, की बाकावर बसून तुपावर नजर ठेवायची. घरचे तूप बदलून त्याच्या जागी दुसरे काही जाऊ नये, या एका धास्तीपायी आम्ही दोन-दोन तास ऊब खात बसून राहत असू. मग पत्र्याचा मोठा डबा गरम बिस्किटांनी भरून, चादरीत गुंडाळून घरी आणायचा. तो डबा महिनाभर पुरे. पाहुणा आला की डब्याचे झाकण वाजे आणि आम्ही सर्वजण आपापल्या खोल्यांतून बाहेर येत असू.

अशा प्रथा इतरत्रही होत्या. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीवर जाऊन नानकटाई करून आणण्याची रीत पुष्कळांना आठवत असेल. नानकटाईचे मूळ सुरतेत दाखविले जाते. तेथील डच वखारीसाठी चालविली जाणारी बेकरी डच निघून गेल्यावर एका पारशी गृहस्थाकडे आली आणि तिच्यातून हा पदार्थ निघाला, असे सुरतेत सांगतात. ‘नान’ हा फारसी शब्द भाकरीचा. ‘खताई’ म्हणजे चीनकडचा असे काही म्हणतात, तर इतर काही त्याचा अर्थ निराळा लावतात. दिल्लीत आणि उत्तर प्रदेशात ती अजूनही हातगाडीवर, निखाऱ्यांवरच्या तव्यावर भाजून विकली जाते. हे सर्व मनोरंजक आहे, परंतु आपल्या कामाचे त्यातले इतकेच, की आपल्याकडे बिस्कीट हा तुपाचा पदार्थ होता. दूध आणि साखर कमी-अधिक झालेली चालत असे, पण त्याचा खुसखुशीतपणा तुपावर अवलंबून होता, आणि तूप महाग होते.

माझी पहिली चूक येथूनच निघाली.

शिकविण्याची नोकरी लागली तेव्हा माझ्यापुढे बसणाऱ्या मुली साध्या घरांतल्या होत्या. त्यांना साजूक तुपाची बिस्किटे शिकविणे म्हणजे थट्टाच झाली असती. वनस्पती तूप मात्र प्रत्येक घरी होते. द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान याने शोधली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले, ते इतके, की पुढे कोणत्याही वनस्पतीला लोक डालडाच म्हणू लागले. ते पांढरेशुभ्र, रवाळ, टिकाऊ आणि स्वस्त होते. त्यात जीवनसत्त्वे घातलेली असत, आणि साजूक तुपात त्याची भेसळ झाल्यास ओळखता यावी म्हणून तिळाचे तेलही कायद्याने घालावे लागे. बिस्किटांना तर ते तुपाहूनही सोयीचे. तूप उन्हाळ्यात पातळ होते, वनस्पती घट्टच राही; फेसले की त्यात हवा भरून ते लोण्यासारखे फुले. मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले: मैदा दोन वाट्या, वनस्पती एक वाटी, पिठीसाखर एक वाटी. मुलींनी वह्यांत उतरवून घेतले. त्यांपैकी कित्येकींच्या घरी त्या वह्या आजही असतील.

तेल घट्ट करताना त्यातील काही मेदाम्लांची ठेवण बदलते आणि त्यांतून ज्याला ट्रान्स मेद म्हणतात तो तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्याचा रक्तावर काय परिणाम होतो हे मात्र स्पष्ट नव्हते. १९९० साली नेदरलंड्समधील मेन्सिंक आणि कातान या दोन संशोधकांनी निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या मेदांचा आहार देऊन पाहिले. ट्रान्स मेदाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलेच, शिवाय उपकारक कोलेस्टेरॉल कमीही झाले. ज्या संतृप्त मेदाची, म्हणजे तूप-लोण्याची, सर्वांना भीती वाटत होती त्याने निदान दुसरी हानी केली नव्हती. पुढे डेन्मार्कने २००३ साली ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या देशात ही मर्यादा पायरीपायरीने खाली आली. प्रथम दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन, आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के. म्हणजे मी ज्या वनस्पतीचे धडे दिले ते वनस्पती आज बाजारात कायद्याने विकता येणार नाही.

माझ्या विद्यार्थिनींपैकी कोणी मला दोष दिला नाही. जे त्या काळी पुस्तकांत होते तेच मी शिकवीत होते. तरीही ते मनाला लागून राहिले आहे. आता कोणी विचारते, आजचे वनस्पती वापरले तर चालेल का? त्यातील ट्रान्स मेद मर्यादेत आहे हे खरे. परंतु घट्टपणा कोठून तरी यावाच लागतो, आणि तो आता बहुधा पामतेलाच्या घन अंशातून, म्हणजे संतृप्त मेदातून येतो. संतृप्त मेदच खायचा असेल तर साजूक तूप थोडे घ्यावे आणि त्याचा सुगंध तरी पदरात पाडून घ्यावा, असे माझे मत आहे. हे मत थोडे पंजाबी आहे हे मला मान्य आहे.

आता दुसरी चूक. ती सांगणे मला अधिक जड जाते.

वनस्पतीचा धडा शिकल्यावर मी अगदी सावध झाले. निवृत्तीनंतर घरी ओव्हन घेतला, मैदा बंद केला, साखर बंद केली. पूर्ण गव्हाची कणीक, घरचे तूप आणि साखरेऐवजी गूळ, अशी बिस्किटे मी करू लागले. ती चवीला उत्तम होत. गूळ असल्याने रंग सुरेख येई. माझी थोरली बहीण, आम्ही तिला भैणजी म्हणतो, बरीच वर्षे मधुमेहाची रोगी होती आणि साखर सुटल्यापासून चहाबरोबर काय खावे या विवंचनेत होती. मी तिला मोठा डबा भरून पाठविला आणि निरोप दिला, “यात मैदा नाही, साखर नाही, तू निर्धास्त खा.” भैणजीने आयुष्यभर माझ्या शिक्षणाचा अभिमान बाळगला होता. तिने निर्धास्त खाल्ली. मी दर पंधरवड्याला डबा पाठवीत राहिले.

तीन महिन्यांनी तिची नेहमीची रक्ततपासणी झाली. आकडे इतके वाढले होते की डॉक्टरांनी औषध वाढविण्याआधी तिला समोर बसवून दिवसभराचे खाणे विचारले. तिने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, “बाकी काही नाही, माझ्या धाकट्या बहिणीने केलेली पथ्याची बिस्किटे तेवढी खाते, सकाळी चार आणि संध्याकाळी चार.” हे तिनेच मला हसत हसत दूरध्वनीवर सांगितले. माझ्यावर रागावण्याचे तिच्या मनातही आले नाही. उलट डॉक्टरांना गुळाचे गुण ठाऊक नसावेत अशी तिची समजूत होती. ती समजूत तिला मीच करून दिली होती.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि जे काम पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. तो हिशेब आपणही करून पाहावा. एक किलो कणीक, सहाशे ग्रॅम तूप, सहाशे ग्रॅम गूळ किंवा साखर, हे भट्टीवरचे आपले जुनेच प्रमाण. त्यात सुमारे दीडशे बिस्किटे होतात. म्हणजे एका बिस्किटात चार ग्रॅम तूप, चार ग्रॅम गूळ आणि पावणेसात ग्रॅमच्या आसपास कणीक. एक ग्रॅम मेदाचे नऊ उष्मांक, साखरेचे चार, कणकेचे साडेतीनच्या जवळपास. एका बिस्किटाचे पाऊणशे झाले. आठ बिस्किटांचे सहाशे. घरच्या सहा पातळ पोळ्यांइतके अन्न भैणजी रोज चहाबरोबर, ‘काही खाल्ले’ असे न वाटता खात होती. त्यातला गूळच बत्तीस ग्रॅम होता.

आणि गूळ म्हणजे काय? त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. उरलेल्यात थोडे पाणी, थोडी खनिजे. शंभर ग्रॅम गुळात काही मिलिग्रॅम लोह असते म्हणून आपण त्याचे गोडवे गातो. पण बिस्किटात चार ग्रॅम गूळ जातो, तेव्हा त्या लोहाचा वाटा किती राहतो हे ज्याने त्याने पाहावे. मधाचीही तीच गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी शिफारस केली तीत मधाला साखरेतच धरले आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी अशा साखरेतून यावेत, आणि ते पाच टक्क्यांवर, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅमवर आणता आले तर अधिक बरे, असे ती शिफारस सांगते. पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. जुन्या प्रमाणाची सहा बिस्किटे खाल्ली की तो कोटा संपला. मग चहात साखर घालायला जागा उरत नाही. खजुराचा वाटलेला गोळा घालून ‘बिनसाखरेची’ बिस्किटे करण्याची हल्ली फार हौस आहे. खजुरात चोथा असतो हे चांगले, पण त्याचा दोन तृतीयांश भाग साखर असतो हेही लक्षात असू द्यावे.

कणकेविषयीही माझा भ्रम होता. पूर्ण गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे अकरा ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग असतो, मैद्यात तीन ग्रॅमही भरत नाही. हा फरक मोठा आहे आणि पोटाच्या दृष्टीने मोलाचा आहे. परंतु बारीक दळलेल्या कणकेतील पिष्टमय भाग मैद्यातल्याइतक्याच लवकर पचून रक्तात उतरतो. मधुमेही माणसाला मैद्याऐवजी कणीक दिली म्हणून मोकळीक मिळत नाही. साखर मुळीच न घातलेल्या बिस्किटानेही रक्तातील साखर वाढते, कारण पिठाचीच शेवटी ग्लुकोज होते. हे सर्व मी वर्गात शिकविले होते. केवळ बिस्किटाच्या डब्यावर ‘पथ्याचे’ असे मनातल्या मनात लिहिले आणि शिकविलेले सारे विसरले.

तेव्हा भगिनींनो, माझ्याकडे ‘हितकर बिस्कीट’ नाही. आधीच्याहून बरे असलेले बिस्कीट आहे, आणि ते कसे करावे हे आता सांगते.

प्रथम कोणता घटक कशासाठी असतो ते पाहू. नाहीतर काटछाट करताना नको तेथे कात्री लागते. पाण्याशी गाठ पडली की गव्हाच्या पिठात चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, बिस्किटाला नको असते. तूप पिठाच्या कणांभोवती वेष्टन घालते, पाणी आत शिरू देत नाही, आणि म्हणून बिस्कीट जिभेवर विरघळते. साखर नुसती गोडी देत नाही. ती पाणी धरून ठेवते, भाजताना वितळून बिस्कीट पसरविते आणि थंड झाल्यावर कुरकुरीत करते. याच कारणाने निम्मी साखर एकदम काढली तर बिस्कीट पसरत नाही, गोळा राहते आणि फिके दिसते. तूप निम्मे केले तर त्याचे खापर होते. माझ्या पहिल्या प्रयोगांतील काही बिस्किटे नातवंडांनी अंगणात ठिकऱ्या खेळण्यासाठी नेली होती.

दुसरी अडचण आपल्या पिठाची. चक्कीच्या दगडाखाली दळताना गव्हाचा पिष्टकण बराच भरडला जातो आणि असे पीठ पाणी फार शोषते. मऊ पोळीचे रहस्य तेच. पण त्याच गुणामुळे नुसत्या कणकेचे बिस्कीट दडस होते. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे निम्मीच कणीक घेणे आणि उरलेल्या निम्म्यात ज्यात चिवट जाळे होत नाही अशी पिठे घालणे. मी जवाचे पीठ आणि बेसन घालते. जवात एक विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो, तो पोटात चिकट होतो आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग थोडा मंद करतो. बेसनाने प्रथिने वाढतात आणि मंद आचेवर भाजून घेतले तर तुपाशिवायही तुपासारखा वास येतो. म्हणून तुपाची कपात जाणवत नाही. ही माझी आवडती लबाडी आहे.

ज्या प्रांतात जे पिकते ते घ्यावे. कर्नाटकात रागी, महाराष्ट्रात नाचणी, कुमाऊँत मडुआ म्हणतात ते एकच धान्य. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, मैद्यात त्याचा दहावा हिस्साही नसतो. त्यातले सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही, कारण धान्यातील फायटेट त्याला अडविते. नाचणी मोड आणून वाळवून दळली तर ही अडवणूक बरीच कमी होते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून दुकानांत भरडधान्यांच्या बिस्किटांची रेलचेल झाली आहे. ती घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने अधिक तो यादीत आधी असतो. नाव नाचणीचे आणि यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, असे असेल तर नाचणी पुढे किती उरली ते समजते. बाजरीचे पीठ वापरणाऱ्यांनी ते ताजे दळून आणावे. त्यातील तेल लवकर खवट होते आणि बिस्किटे कडू लागतात.

आता प्रमाण. शंभर ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम जवाचे पीठ, पन्नास ग्रॅम मंद आचेवर भाजून गार केलेले बेसन. नव्वद ग्रॅम तूप, ऐंशी ग्रॅम दळलेली साखर. गूळ हवा असेल तर तोही ऐंशीच ग्रॅम, किसून आणि चाळून. तो आरोग्यासाठी घालते असे मात्र म्हणू नये, चवीसाठी घालते म्हणावे. पाव चमचा खाद्यसोडा, चिमूटभर मीठ, चार-पाच वेलदोड्यांची पूड किंवा थोडी बडीशेप. बडीशेपेमुळे साखर कमी असल्याचे कळत नाही. दूध दोन ते तीन चमचे.

तूप थिजलेले असावे, पातळ नसावे. परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसावी, फिकट आणि हलकी होईपर्यंत. त्याला दहा मिनिटे तरी लागतात आणि त्या दहा मिनिटांना पर्याय नाही. फेसताना भरलेली हवाच पुढे बिस्कीट फुलविते. सर्व पिठे सोड्यासह दोनदा चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावीत. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. गोळा जमेल इतकेच दूध शिंपडावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे कोंडा ओला होऊन मऊ होतो. मग तीस समान गोळ्या करून, किंचित दाबून, पत्र्यावर अंतर ठेवून मांडाव्यात. ओव्हन आधी तापवून १६५ अंशांवर ठेवावा. अठरा ते वीस मिनिटे लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, तिवईवर ताटली ठेवून, घट्ट झाकण घालून मंद आचेवर तीच बिस्किटे होतात. मात्र वेळ अधिक लागतो आणि झाकण सारखे उघडायचे नाही.

रंगाविषयी दोन शब्द अधिक बोलते, कारण येथे जुने लोक आणि नवे शास्त्र यांचे जमत नाही. बीजीला खरपूस, तांबूस बिस्कीट आवडे. परंतु २००२ साली स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक उष्णतेवर तळले किंवा भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. माणसांविषयीचा पुरावा तितका स्पष्ट नाही. पूर्ण गव्हात हे द्रव्य ज्यापासून बनते ते ॲस्पॅराजिन मैद्याहून अधिक असते, आणि काही बेकऱ्यांतून फुगविण्यासाठी वापरतात तो अमोनिया त्यात भर घालतो. म्हणजे कोंडा राखला तर आच सांभाळावी लागते. घाबरण्याचे कारण नाही. कडा सोनेरी दिसू लागल्या की पत्रा बाहेर काढावा, तपकिरी रंगाची वाट पाहू नये. बाहेर काढताना बिस्कीट मऊ लागते आणि नवशिक्या मुली घाबरून ते परत आत घालतात. तसे करू नये. जाळीवर थंड झाल्यावरच ते कुरकुरीत होते.

या प्रमाणाने एका बिस्किटाचे साठ उष्मांक होतात. तूप तीन ग्रॅम, साखर तीन ग्रॅमहून थोडी कमी. पाऊणशेचे साठ झाले, बस्स. त्यातही थोडी बचत बिस्कीट किंचित लहान झाल्यामुळे आहे, हे मी लपवीत नाही. तुपाच्या तिसऱ्या हिश्शाऐवजी शेंगदाण्याचे तेल घालूनही मी पाहिले आहे. तेवढे खपून जाते, त्याहून अधिक घातले की बिस्किटे पसरून तेलकट होतात. मात्र तेलाचे उष्मांकही तुपाइतकेच, हे विसरू नये.

भैणजीने विचारले होते, “मग मी किती खाऊ?” हा प्रश्न मी तिला आधी स्वतः होऊन विचारू द्यायला हवा होता. आम्ही दोघी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन सांगितली, आणि तीही त्या वेळच्या अर्ध्या पोळीच्या बदल्यात. आता मी तिला मोठा डबा पाठवीत नाही. चौदा बिस्किटे मावतील असा लहान डबा आहे, तो दर आठवड्याला जातो. पहिल्या आठवड्यात तो चौथ्या दिवशीच रिकामा झाला होता. तिने शेजारच्या मुलांचे नाव सांगितले. मी काही बोलले नाही, तिनेही बोलले नाही, आणि पुढच्या सोमवारी डबा पुन्हा गेला.

मागच्या टेबलावर दोन पत्रे ठेवले आहेत. डावीकडची बीजीच्या प्रमाणाची, उजवीकडची आजच्या. दोन्हींतले एकएक घ्यावे आणि मला खरे सांगावे की बडीशेप जास्त झाली का. ज्यांच्याकडे माझ्या वर्गातील जुन्या वह्या असतील त्यांनी बिस्किटांचे पान काढून ठेवावे. वनस्पतीचा शब्द खोडून तेथे काय लिहायचे ते मी चहानंतर फळ्यावर लिहून देते.